क्वांटम संशोधनाला सरकारी पैसा: आधी उभारणी की आधी पडताळणी?

भारताचं राष्ट्रीय क्वांटम मिशन एप्रिल 2023 मध्ये मंजूर झालं: 2030-31 पर्यंत 6003.65 कोटी रुपये आणि चार केंद्रं. संगणन बंगळुरूच्या आयआयएस्सीकडे, संवाद आयआयटी मद्रासकडे, संवेदन आयआयटी मुंबईकडे आणि पदार्थ व उपकरणं आयआयटी दिल्लीकडे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था असलेल्या डार्पाने 2024 मध्ये जाहीर केलेला क्वांटम बेंचमार्किंग (म्हणजे ठरावीक कसोटीवर पारखण्याचा) उपक्रम उलट्या टोकाने सुरू होतो. कंपनीने आधी सहा महिन्यांत आराखडा पटवायचा (त्यासाठी दहा लाख डॉलरपर्यंत निधी), मग वर्षभरात संशोधनाची योजना तपासून घ्यायची (दीड कोटी डॉलरपर्यंत), आणि शेवटी तज्ज्ञ प्रत्यक्ष यंत्र पारखणार. कसोटी एकच: 2033 पर्यंत खर्चापेक्षा जास्त मूल्याची गणितं सोडवणारं यंत्र बनेल का?

आपल्या मिशनचं लक्ष्य आठ वर्षांत 50 ते 1000 भौतिक क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकात माहिती धरणारे प्रत्यक्ष घटक. इथेच मोठी अडचण आहे. भौतिक क्यूबिट चुकतात. एक भरवशाचा तार्किक क्यूबिट घडवायला शेकडो भौतिक क्यूबिट लागू शकतात, आणि प्रत्येक क्रियेतल्या चुकांचं प्रमाण ठरावीक मर्यादेखाली नसेल तर संख्या वाढवून चुका वाढतातच. म्हणून संख्येसोबत द्वि-क्यूबिट गेटचा (दोन क्यूबिटांवरच्या मूलभूत क्रियेचा) त्रुटिदर मागायलाच हवा.

तरीही डार्पाची पद्धत जशीच्या तशी आपल्याला चालणार नाही. ती तयार कंपन्यांना पारखते, प्रयोगशाळा उभारत नाही. अतिवाहक (वीज विनाअडथळा वाहणाऱ्या पदार्थांच्या) क्यूबिटना सुमारे 10-20 मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळचं तापमान लागतं. तेवढी थंडी देणारे क्रायोस्टॅट, त्यातल्या केबल, ॲम्प्लिफायर आणि ते चालवणारी माणसं यांवर आधी खर्च करावाच लागतो. केंद्रांना उभारणीचा पैसा सलग द्यावा. स्टार्टअपचे हप्ते मात्र त्रयस्थ मोजमापाला बांधावेत.