रिक्षाचं पत्राकाम, काच आणि टप : हडपसरच्या पुढचं एक गॅरेज

कामाला पाचपैकी पाच, वेळेला दोन. भाव वाजवी.

आमच्या गल्लीत रात्री पोरांनी कोयते नाचवत उभ्या गाड्या फोडल्या, त्यात माझी रिक्षा सापडली. पुढची काच, टप आणि डाव्या अंगाचा पत्रा. इन्शुरन्स थर्ड पार्टी, म्हणजे खर्च सगळा खिशातून. वर गाडी उभी, धंदा बंद. स्टँडवरच्या एकाने हे गॅरेज सुचवलं आणि हळूच म्हणाला, "पोरं सुधारगृहातून आलेली आहेत बरं का. चालेल ना?"

गॅरेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन पोराची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी आहे. ही पोरं आता एकोणीस-वीसची झालीत, पण आसपास बोभाटा झाला तर गिऱ्हाईक तुटतं. रिक्षावाला असाल तर स्टँडवर कळेलच.

आता काम. पत्र्यावर हात फिरवून पोरगं म्हणालं, "काका, हा रॉडचा मार नाही. कोयत्याची पाठ आहे. पातं लागलं असतं तर पत्रा चिरला असता." मी गप्पच झालो. त्याने आतून लाकडी ठोकळा धरला आणि बाहेरून हलक्या हाताने ठोकत पत्रा जागेवर आणला. बाकीकडे खड्डा तसाच ठेवून वर लांबी (पुट्टी) थापतात, पहिल्या पावसाळ्यात पोपडा सुटतो. इथे लांबी कागदाएवढी पातळ, पॉलिश पेपर पाणी मारून घासलेला, रंग जुन्याला मिळून आलाय. टपाच्या रेक्झिनला दुहेरी शिलाई. पैसे ठरले साडेनऊ हजार, घेतले तेवढेच.

उशीर मात्र झाला, कारण पत्र्याचा कारागीर तारखेला गेला होता. त्याचं जुनं प्रकरण अजून बाल न्याय मंडळापुढे चालू आहे. गॅरेजवाल्या मेस्त्रींच्या कालनिर्णयवर लाल गोल दिसले, मला वाटलं सुट्ट्या असतील. त्या पोरांच्या तारखा निघाल्या. हे आधी सांगा ना राव, मी दोन दिवसांनी गाडी आणून लावली असती.

मेस्त्रींशी चहावर माझं वाजलंच. माझं म्हणणं, एकदा चुकला तर समजावा, पण तिसऱ्यांदा गाड्या फोडणाऱ्याला कसली माया? कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणात, मे 2024 मध्ये, दोन जीव गेले आणि पोराला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हापासून आम्हा रिक्षावाल्यांचं डोकं फिरलेलं आहे. मेस्त्री शांतपणे म्हणाले, मोठ्यांसारखा खटला चालवायची सोय 2015 च्या कायद्यात आहेच. पण पोरगं सोळा ते अठरामधलं लागतं आणि गुन्हा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा. गाड्या फोडणं त्यात बसत नाही, मग दहादा फोडा. मंडळ फार तर तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. "अन् मग? सुटून येतोय तो तुमच्याच गल्लीत ना?"

हे पत्र्याचं काम करणारं पोरगं तीनदा आत जाऊन आलं. दर वेळी सुटलं की घरी पोचायच्या आधी नाक्यावरचा भाई भेटायचा. वडापाव, जुना मोबाईल, बसायला बुलेट. चौथ्यांदा मेस्त्री स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले आणि याला थेट आपल्या घरी घेऊन गेले. अठरा पूर्ण झाल्यावर कामाला लावला. पोरांना वापरून घेणाऱ्या अशा मोठ्यांना कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे म्हणे. आमच्या भागात कुणाला लागलेलं मी तरी ऐकलं नाही. तेवढा धाक आधी बसवा, मग मोठ्यांसारख्या खटल्याचं वय खाली आणायच्या गप्पा मारा.

सगळंच गोड आहे असं समजू नका. एक पोरगं गिऱ्हाइकाचा मोबाईल घेऊन पळालं होतं, मेस्त्रींनी पदरचे पैसे भरले आणि त्याला परत घेतलं नाही. माझी गाडी फोडणाऱ्यांचं पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही. नुकसान किती झालं हेही कुणी विचारलं नाही. मंडळाला पोरांकडून समाजसेवा करून घेता येते, पालकांना दंड करता येतो. माझ्या साडेनऊ हजारांसाठी त्यांतलं काहीतरी लावा की! माफ करायला मी काही संत नाही.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा. मेस्त्री फोन उचलत नाहीत. निम्मी रक्कम आधी द्यावी लागते. काच बसवताना रबर नवीन आहे ना बघा, सांगितलं नाही तर जुनंच लावतात.