एक्सेल की ठरीव साचा? मकरपुऱ्यातल्या छोट्या कारखानदारासाठी तुलना

राहायला दांडिया बाजारात आणि वर्कशॉप मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, अशी वडोदऱ्यातली आपली बरीच माणसं मला विचारतात: एक्सेलवर हिशेब चाललाय, मग सॉफ्टवेअर कशाला?

एक्सेलचा गुण मी नाकारत नाही. रकाना हवा, घातला. महिन्याला तीस-चाळीस बिलं आणि लिहिणारा हात एकच असेल, तर ते पुरतं.

दुसरा हात लागला की घोळ सुरू. एका व्हॉल्व्हवाल्याच्या खरेदीचा जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल बनवतं त्या यादीशी, मेळ घालत होतो. पुरवठादाराचा बिल क्रमांक ०००४७. एक्सेलने पुढची शून्यं गाळून ४७ ठेवलं, ऑफिसातल्या मुलीने दुसऱ्या शीटमध्ये ४७/२४-२५ लिहिलं. बिल एक, क्रमांक तीन. तारीख ०५/०४, म्हणजे एप्रिल की मे? अशी अकरा बिलं निघाली. रात्री साडेदहापर्यंत बसलो, आणि मेळ बसेतो त्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, धरता येईना.

ठरीव साच्यात, म्हणजे रकाने आधीच ठरलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिल एकदाच नोंदतात. १५ अक्षरी जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), जास्तीत जास्त १६ अक्षरी बिल क्रमांक, मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड (व्हॉल्व्हला ८४८१), ठरलेलं एकक. 'नग', 'पीस', 'पीसी' ही भानगड संपते. त्याच नोंदीतून जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) निघतो, बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट निघतं, ताळेबंदही. तोच आकडा पुन्हा टाइप करायला लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण चुका तिथेच शिरतात.

याला पैसे पडतात, आणि त्याहून जास्त मेहनत. पहिले दोन महिने मालाची यादी साफ करण्यात जातात. ते काम सीएवर ढकलू नका. 'पितळी बुश २५' आणि 'ब्रास बुश मोठा' एकच की वेगळे, हे मालकालाच ठाऊक असतं.

कायद्याचंही बघा. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं, १ ऑगस्ट २०२३ पासून ते ५ कोटींवर आलंय. त्यात बिल ठरलेल्या साच्यातच पोर्टलवर चढवावं लागतं. चार कोटींच्या आसपास असाल तर आत्ताच बदला. प्रायव्हेट लिमिटेड असाल, तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग (कोणती नोंद कधी बदलली याची टिपण) १ एप्रिल २०२३ पासून लागतोच. एक्सबीआरएलची, म्हणजे सरकारकडे ताळेबंद संगणकाला वाचता येईल अशा साच्यात भरण्याची, चिंता मात्र आत्ता नको. ते लिस्टेड किंवा १०० कोटींच्या उलाढालीच्या कंपन्यांसारख्या मोठ्यांचं काम.

एक्सेलवरच राहायचं असेल, तर बिल क्रमांकाचा रकाना आजच 'टेक्स्ट' करा आणि तारखेत महिना अक्षरांत लिहा. बदलायचं असेल, तर १ एप्रिल धरा. मार्चअखेरच्या शिलका तशाच पुढे ओढता येतात.