झेब्रा क्रॉसिंगसाठी गरम थर्मोप्लास्टिक: माल चांगला, पण ओतणारा हातही चांगला हवा

गजबजलेल्या चौकात झेब्राचे पट्टे साध्या रोड पेंटने मारायचे की वितळवून ओतायच्या गरम थर्मोप्लास्टिकने? जिथे गाड्या ब्रेक मारतात, वळतात आणि चाकं जागच्या जागी घासतात, तिथे थर्मोप्लास्टिकच घ्यावं. पेंटचा सुकलेला थर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. थर्मोप्लास्टिकचा थर अडीच मिलिमीटरचा बसतो. मात्र काही महिन्यांत पोपडे निघाले की लोक मालाला नावं ठेवतात, आणि बहुतेक वेळा दोष मालाचा नसतो.

पोत्यात कोरडी भुकटी येते: राळेसारखं रेझिन, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट आणि बारीक काचमणी. आश्टो एम २४९ या अमेरिकी महामार्ग प्रमाणकानुसार पांढऱ्या मालात वजनाने किमान १८ टक्के रेझिन, किमान १० टक्के टायटॅनियम डायऑक्साइड आणि ३० ते ४० टक्के काचमणी लागतात. स्वस्त मालात कात्री लागते ती टायटॅनियमला, आणि त्या जागी चुन्याची भुकटी वाढते. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. हलका माल नंतर करडा पडतो. म्हणून खरेदी करताना नुसता नमुना पाहून भागत नाही, त्या बॅचचा तपासणी अहवाल मागून घ्यावा.

माल साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला, सतत ढवळत वितळवतात. ढवळणी थांबली की काचमणी तळाशी बसतात. तापमान फार चढलं की रेझिन करपतं, रंग पिवळसर होतो आणि थर ठिसूळ बनतो. कमी राहिलं तर माल डांबराच्या छिद्रांत शिरतच नाही, वरच्या वर बसतो. उरलेला माल दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवून वापरणं हे या कामातलं सर्वांत वाईट बचतीचं उदाहरण. बॉयलरवर चालू स्थितीतला तापमापक नसेल तर काम सुरूच होऊ देऊ नये.

खरी मेख मात्र जमिनीत असते. रस्ता कोरडा दिसतो, पण आत ओल असते. वरून दोनशे अंशांचा माल पडला की त्या ओलीची वाफ होते आणि थराला फुगे, टाचणीएवढी भोकं पडतात. साधी परीक्षा आहे: हातभर प्लास्टिकचा तुकडा रस्त्यावर चारही कडांनी चिकटवून पंधरा मिनिटं ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर काम पुढे ढकला. काँक्रीटवर आणि घासून गुळगुळीत झालेल्या जुन्या डांबरावर प्रायमर, म्हणजे पकडीसाठी आधी लावायचा पातळ थर, लागतोच, आणि तो चिकट होईपर्यंत थांबावं लागतं. ओल्या प्रायमरवर माल ओतला की पुन्हा तेच फुगे. जुन्या पेंटवर थेट ओतू नये, कारण माल रस्त्याला न चिकटता पेंटला चिकटतो आणि पेंट सुटला की त्याच्यासोबत निघून येतो. नवं डांबर असेल तर काही आठवडे थांबलेलं बरं, नाहीतर वर येणारं तेल पट्ट्यांना तपकिरी करतं.

चिकटलं की नाही हे पाहायला कोपऱ्यातला नखाएवढा तुकडा छिन्नीने उचकटावा आणि उलटा करून पाहावा. खालच्या बाजूला डांबर आणि खडीचे कण आले असतील तर पकड उत्तम. खालची बाजू स्वच्छ, चकचकीत निघाली तर तो पट्टा फार दिवसांचा सोबती नाही. असा तुकडा प्रत्येक क्रॉसिंगवर, बिल मंजूर करण्याआधी काढावा. जाडीसाठी ओतण्याआधी वाटेत पत्र्याची छोटी पट्टी ठेवायची, नंतर ती उचलून व्हर्नियरने मोजायची.

रात्रीची चमक वरून टाकलेल्या काचमण्यांची असते. चौरस मीटरला सुमारे २५० ग्रॅम मणी थर गरम असतानाच पडले पाहिजेत. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक मणी निम्म्याहून थोडा अधिक रुतलेला दिसावा. माल जास्त गरम असेल तर मणी पूर्ण बुडतात आणि आतले मणी उघडे पडेपर्यंत पट्टा अंधारात मठ्ठ दिसतो. थंड मालावर टाकले तर चाकांबरोबर उडून जातात आणि मागे रिकामे खड्डे राहतात. हाताने मूठभर भिरकावणं इथे चालत नाही. शूला, म्हणजे माल पसरवत पुढे सरकणाऱ्या पेटीला, जोडलेली डबीच हवी.

आता हिशोब. ७ मीटर रुंद रस्ता, ३ मीटर लांबीचे पट्टे, पट्टा ५० सेंमी आणि मोकळी जागा ५० सेंमी: सात पट्टे, म्हणजे साडेदहा चौरस मीटर. अडीच मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अंदाजे ५ किलो माल, म्हणजे ५२ ते ५३ किलो. नासधूस धरून ५८. वरचे मणी २.६ किलो. एवढ्याशा कामासाठी बॉयलर पेटवणं परवडत नाही, म्हणून एका चौकाच्या सगळ्या बाजू एकदमच कराव्यात.

खडूच्या सुताने रेघा मारताना अंतर कडेपासून आंधळेपणाने मोजू नका. आधी चाकोरी कुठे पडली आहे ते पाहा आणि ती मोकळ्या जागेतून जाईल असे पट्टे सरकवा. यात जादा माल लागत नाही, पण पट्ट्यांचं आयुष्य लक्षणीय वाढतं. ही गोष्ट इतकी सोपी असूनही फार थोड्या ठिकाणी केलेली दिसते, याची खंत वाटते.

उणीवही आहे: ओला थर्मोप्लास्टिक निसरडा होतो, विशेषतः वळणावर दुचाकीला. घसरण मोजणाऱ्या पेंडुलम टेस्टरवर (आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त) ओल्या पृष्ठभागाचा आकडा ४५ च्या खाली नको. वळणाच्या तोंडाशी ५५ मागावा आणि काचमण्यांबरोबर कठीण, टोकदार खडीची बारीक चूर टाकून घ्यावी. दोन पट्ट्यांमधली जागा रंगवून शोभा आणण्याचा मोह तर टाळावाच.

दुसरी उणीव मालाची नव्हे, अपेक्षेची. पट्टे वेग कमी करत नाहीत. वाहनं थांबतच नसतील तर क्रॉसिंग ७५ ते १०० मिलिमीटर उचलून फुटपाथच्या पातळीला आणावं, कोपऱ्याची गोलाई आवळावी आणि क्रॉसिंगच्या अलीकडे किमान ५ मीटर पार्किंग बंद करावं, म्हणजे गाडीच्या आडून निघणारं लहान मूल चालकाला दिसतं. उचललेल्या क्रॉसिंगच्या उतारावर ओतताना माल खाली ओघळतो. तिथे तापमान पल्ल्याच्या खालच्या टोकाला ठेवावं किंवा बर्नरने चिकटवायच्या तयार पट्ट्या वापराव्यात. त्या महाग पडतात, पण जाडी एकसारखी मिळते आणि एखादाच तुटलेला पट्टा बदलायलाही त्याच सोयीच्या.

रस्ता दहा-पंधरा मिनिटांत वाहतुकीला खुला करता येतो. त्याआधी थरावर बूट दाबून पाहावा: ठसा उमटला तर अजून थांबायचं.