सिग्नल : मधल्या माणसाला काहीच ऐकू न येणारं ॲप

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. लाइन खराब असल्याची तक्रार आली की तिच्या तारांच्या जोडीवर टेस्ट हँडसेट लावायचा आणि ऐकायचं, इतकं ते सोपं होतं. तेव्हा कुणी बोलत असेल तर ते बोलणं आमच्या कानावर पडायचं आणि बोलणाऱ्यांना त्याचा पत्ता नसायचा. ग्राहकाची गुप्तता आमच्या सचोटीवर अवलंबून होती. त्यामुळे कुठलंही मेसेजिंग ॲप हाती आलं की मी आधी एवढंच पाहतो : मध्ये बसलेल्या माणसाला काय दिसतं? सिग्नल मी बरीच वर्षं रोज वापरतोय, आणि या कसोटीला त्याच्याइतकं उतरलेलं ॲप मी पाहिलेलं नाही.

मेसेज तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी यासाठी बनवलेल्या डबल रॅचेट पद्धतीत प्रत्येक मेसेजला नवी किल्ली लागते आणि वापरून झालेली किल्ली नष्ट होते. आजची किल्ली कुणी चोरली तरी तिने कालचे अडवून ठेवलेले मेसेज उघडत नाहीत. २०२३ पासून या किल्ल्यांच्या पहिल्या देवाणघेवाणीत क्वांटम संगणकालाही दाद न देणारं गणित घातलं आहे. आज साठवून ठेवायचं आणि उद्या तसा संगणक आला की फोडायचं, हा बेत करणाऱ्यांसाठी ही तयारी आहे.

मजकुराचं हेच कुलूप २०१६ पासून व्हॉट्सॲपलाही आहे. मग वेगळं ॲप कशाला, असं मला नेहमी विचारतात. एक्स्चेंजमधल्या कुणालाही विचारा : कोण कुणाला, किती वाजता, किती वेळा फोन करतो याची नोंद हातात असली की संभाषण ऐकायची गरज क्वचितच पडते. सिग्नल ही नोंदच ठेवत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) समन्स पाठवून खात्याची माहिती मागितली, तेव्हा सिग्नलवाल्यांना देता आल्या त्या दोनच गोष्टी : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्शन कोणत्या दिवशी झालं. तुमचे संपर्क, ग्रुप, प्रोफाइलचं नाव, यातलं काही त्यांना वाचता येत नाही. जे साठवलेलंच नाही ते कुठलाही आदेश काढून मिळत नाही, आणि चोरीलाही जात नाही.

सरकारांना हे खुपतं. तपास यंत्रणांची अडचण खरी आहे. अपहरणाच्या किंवा लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या तपासात वेळ किती मोलाचा असतो हे मी नाकारत नाही. पण ‘फक्त आमच्यासाठी एक दार ठेवा’ ही मागणी यंत्राच्या पातळीवर टिकत नाही, हे मी खात्रीने सांगतो. स्विचला, म्हणजे फोन जोडून देणाऱ्या यंत्राला, आज्ञा कळते, ती देणाऱ्याचा हेतू कळत नाही. २००४-०५ मध्ये ग्रीसमध्ये मोबाइल कंपनीच्या स्विचमधली कायदेशीर टॅपिंगसाठी असलेली सोयच कुणीतरी गुपचूप चालू केली आणि पंतप्रधानांसह शंभराहून जास्त लोकांचे फोन ऐकले. अमेरिकी सरकारने १९९३ मध्ये फोनवरचं बोलणं कुलूपबंद करणारी क्लिपर चिप आणली होती, किल्ल्या सरकारकडे ठेवून. पुढच्याच वर्षी संगणक सुरक्षेचे संशोधक मॅट ब्लेझ यांनी दाखवून दिलं की तिची तपासणी अवघ्या १६ बिटांची, म्हणजे चकवता येण्याइतकी तोकडी आहे आणि सरकारी दार चुकवून ती चिप वापरता येते. २०२४ मध्ये अमेरिकी टेलिकॉम कंपन्यांमध्ये घुसलेले चिनी हेर थेट टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचले. त्यानंतर तिथल्याच सायबर सुरक्षा संस्थेने लक्ष्य होऊ शकणाऱ्या बड्या व्यक्तींना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त दोन टोकांच्या फोनवर उघडणारं कुलूप, असलेलं ॲप वापरायला सांगितलं.

मार्च २०२५ च्या प्रकरणाबद्दलही लिहायला हवं. येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा अमेरिकी मंत्र्यांनी सिग्नलवर केली आणि त्या ग्रुपमध्ये एक संपादक चुकून घेतला गेला. चुकीचा माणूस आत घेतला तर कुठलंच एन्क्रिप्शन कामाचं नाही, इतकं उघड आहे. मला जास्त टोचलं ते वेगळंच : तिथले काही मेसेज आठवड्यात, काही चार आठवड्यांत आपोआप पुसले जायला लावलेले होते. मित्राशी बोलताना मी ही सोय बिनदिक्कत वापरतो. शासनाच्या निर्णयांची नोंद मात्र जनतेची असते, ती पुसायचा हक्क मंत्र्याला नाही. सामान्य माणसाच्या खिडकीवरचा पडदा सरकारने ओढून स्वतःच्या दप्तरावर घालू नये.

आता उणिवा. खातं उघडायला फोन नंबर लागतोच. २०२४ पासून युजरनेम ठेवून तो इतरांपासून लपवता येतो, पण ज्याला नंबरच द्यायचा नाही त्याची सोय अजून नाही. सर्व्हरला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा ठावठिकाणा, दिसू शकतो. बॅकअपच्या बाबतीत हे ॲप फार काळ मागे राहिलं. २०२५ मध्ये आलेला नवा बॅकअप चांगला आहे, पण त्याची ६४ अक्षरांची किल्ली हरवली तर सिग्नलवालेही काही करू शकत नाहीत. ती कागदावर लिहून ठेवा. आणि दोघांच्या फोनवर सारखाच दिसायला हवा असा साठ आकडी सेफ्टी नंबर! मध्ये कुणी शिरलेलं नाही याची खात्री करायचा तोच खरा उपाय, आणि माझ्या ओळखीतलं जवळजवळ कुणीही तो ताडून पाहत नाही. भेटलात की एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करा, काही सेकंदांचं काम आहे.

सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी आजच पाहून घ्या. रजिस्ट्रेशन लॉक चालू करा, म्हणजे सिम हडपणाऱ्याला सिग्नलच्या पिनशिवाय तुमचं खातं सहज घेता येणार नाही. आणि जोडलेल्या उपकरणांची यादी तपासा : ग्रुपचं आमंत्रण भासवून क्यूआर कोड स्कॅन करायला लावायचा आणि आपला संगणक तुमच्या खात्याला जोडून घ्यायचा, हा रशियन हेरांचा डाव २०२५ च्या सुरुवातीला उघड झाला. यादीत अनोळखी नाव दिसलं तर लगेच काढून टाका.