हेअर ट्रान्सप्लांटनंतर परत जिम: सहा महिने होत आले, अनुभव आणि क्लिनिकच्या कागदावरचा राग

गेल्या आठवड्यात क्लिनिकशी फोनवर कडाक्याचं वाजलं म्हणून आजच लिहायला बसलो, नाहीतर वर्ष झाल्यावर फोटोंसकट एकदाच लिहायचं ठरवलं होतं. झालं असं की डोक्यात मागे आणि हेअरलाईनच्या आतल्या बाजूला बारीक पुटकुळ्या आल्या, दाखवायला अपॉइंटमेंट मागितली तर तिकडून उत्तर, सर तुमचे फ्री फॉलोअप संपले, आता कन्सल्टिंग चार्ज पडेल. पॅकेज गळ्यात मारताना वर्षभर आम्ही तुमच्यासोबत असं म्हणाले होते, सव्वा लाख मोजलेत मी. आणि वर पुटकुळ्या न बघताच सांगतात काय तर, जिम करताय ना, मग त्यामुळेच. माझं डोकं फिरलं ते या वाक्याने. जिम कधी, कशी, किती सुरू करायची हे सहा महिन्यांत ज्यांनी एकदाही धड सांगितलं नाही ते आता जिमवर खापर फोडणार.

एफयूई (मागून एकेक केस मुळासकट काढून पुढे लावणं), ग्राफ्ट (असं लावलेलं मूळ), डोनर एरिया (जिथून केस काढतात तो डोक्याचा मागचा भाग) हे सगळं यापेक्षा खोलात समजावत बसत नाही, ज्यांनी केलंय किंवा करायचंय त्यांना ते पाठ असतं. माझं टक्कल नॉरवूड (टक्कल मोजायची पट्टी) तीन आणि चारच्या मधलं, अडीच हजाराच्या आसपास ग्राफ्ट, पुढचा भाग आणि मधला थोडा. रिझल्ट चांगला येतोय, सर्जरीबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे घरी सोडताना हातात दिलेल्या कागदाची. झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं पुसट. स्प्रे किती वेळाने मारायचा, कसं झोपायचं, काय खायचं नाही सगळं आहे आणि व्यायामाला एक ओळ, महिनाभर जिम बंद. संपला विषय. मी रोज सकाळी सहाला जिममध्ये असतो, रविवारी तळजाई टेकडी नाहीतर सिंहगड. मी चालायचं का? सोसायटीची लिफ्ट बंद असली तर चार मजले चढायचे का? सूर्यनमस्कार घालायचे का? दोन वर्षांची मुलगी कडेवर यायला बघते, तिला उचलायचं का नाही? व्हॉट्सॲपवर विचारलं की कौन्सेलरचं एकच, अव्हॉइड सर. कौन्सेलर म्हणजे डॉक्टर नव्हे, पॅकेज विकणारा माणूस, त्याच्याकडून वैद्यकीय उत्तर घेऊ नका. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, यूट्यूबवर बघून शिकणं हे ट्रेनिंग होत नाही असं त्यात स्पष्ट आहे. ऑपरेशन करणाऱ्याला हा नियम तर नंतरचा सल्ला देणाऱ्याला का नको?

मग मीच खोदून वाचलं आणि कळलं की लोक सगळं एकाच तारखेत कोंबतात तिथेच घोळ होतो. ग्राफ्ट, बीपी, मागची जखम आणि घाम यांचं प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आहे.

ग्राफ्टचं सगळ्यात सोपं. बर्नस्टीन आणि रासमन या अमेरिकन डॉक्टरांचा २००६ चा अभ्यास आहे, त्यांनी लावलेले केस आणि खपल्या वेगवेगळ्या दिवशी ओढून बघितल्या. पहिले दोन दिवस केस ओढला की ग्राफ्ट सरळ हातात, सहाव्या दिवसापर्यंत नुसता केस ओढून ग्राफ्ट येईनासा झाला, पण घट्ट चिकटलेली खपली ओढली तर धोका आठव्या दिवसापर्यंत राहिला आणि नवव्या दिवशी एकही ग्राफ्ट निघाला नाही. म्हणजे साधारण दहा दिवसांनी ग्राफ्ट पक्का. यूट्यूबवर जे सांगतात दहा दिवसांनी जिम, ते यावरूनच. पण हे फक्त ग्राफ्टचं झालं.

दुसरं बीपी. पहिल्या आठवड्यात बीपी चढलं तर रक्त येऊ शकतं, सूज वाढू शकते. माझं कपाळ दुसऱ्या दिवसानंतर सुजलं आणि सूज हळूहळू डोळ्यांवर उतरली, ते बऱ्याच जणांना होतं. त्या अवस्थेत वाकून बुटाची नाडी बांधली तरी कपाळ ठणकायचं. वजन उचलताना बीपी किती जातं याची कल्पना नसते आपल्याला. कॅनडात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बॉडीबिल्डर्सच्या दंडाच्या धमनीत थेट नळी घालून मोजलं, दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० आलं. तीनशे वीस! दम रोखून जोर लावला की ते अजून चढतं. म्हणून पहिल्या दिवसांत जिम नको हे शंभर टक्के पटलं. चालणं मात्र मी डॉक्टरांना (कौन्सेलरला नाही) फोन करून विचारून चौथ्या-पाचव्या दिवसापासून सुरू केलं, पार्किंगमध्येच, संध्याकाळी ऊन गेल्यावर, श्वास फुलणार नाही इतक्या गतीने. मुलीसाठी मात्र मी खाली बसायचो आणि ती मांडीवर यायची, कारण वजनापेक्षा तिचा हात डोक्यावर पडण्याची भीती जास्त होती.

तिसरं डोनर एरिया, ज्याकडे कुणीच बघत नाही. सगळं लक्ष पुढच्या केसांवर आणि मागे हजारो बारीक भोकं पाडलेली असतात, एक मिलिमीटरच्या आतबाहेरची. ती वरून आठवडा-दहा दिवसांत भरतात पण मान खाली घातली की मागची कातडी ताणलेली जाणवते. मला बऱ्यापैकी उशिरापर्यंत जाणवत होती. बॅक स्क्वॉटला बार खांद्यावर घेतला की मान आणि डोक्याचा मागचा भाग नको तितका बारच्या जवळ जातो, म्हणून महिना झाल्यावरही मी बार पाठीवर न घेता डंबेल छातीशी धरून स्क्वॉट मारले. क्रंचेस करताना डोक्यामागे हात धरून मान ओढायची सवय असेल तर ती सोडा. आणि ज्यांनी स्ट्रिप काढून म्हणजे एफयूटी केलंय त्यांना तर मागे टाके असतात, दहा ते चौदा दिवसांनी काढतात पण आतली जखम ताकद धरायला त्याहून बराच वेळ घेते, लवकर ताण दिला तर व्रण रुंद होतो. त्यांनी माझं वेळापत्रक अजिबात वापरू नये, आपल्या सर्जनला विचारावं.

इथे मला मत बदलावं लागलं ते सांगतो. वाचायला लागलो तेव्हा वाटत होतं क्लिनिक उगाच महिनाभर बसवतंय, दहा दिवस पुरेत. आता म्हणतो जड वजनाला महिना बरोबरच आहे, वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळं सांगतात पण जड वजनाच्या बाबतीत मी महिन्याच्याच बाजूने आहे. माझा राग महिन्यावर नाहीच, त्या महिन्यात काय चालेल आणि महिन्यानंतर कुठून सुरू करायचं हे न सांगण्यावर आहे. महिना म्हणजे महिना असं समजून एकतिसाव्या दिवशी थेट जुन्या वजनाचं डेडलिफ्ट मारणारे लोक आहेत, आमच्याच जिममध्ये एक आहे.

मी काय केलं ते सांगतो. दोन आठवडे झाल्यावर खपल्या पूर्ण गेल्या, मग भरभर चालणं आणि घरची सायकल, हलक्या रेझिस्टन्सवर. तिसऱ्या आठवड्यात हलके डंबेल, सगळं बसून किंवा उभं राहून, डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काही नाही. जोर लावताना श्वास सोडायचा, एकदाही रोखायचा नाही. वजन पूर्वीच्या अर्ध्याहून कमी. महिन्यानंतर ट्रेडमिलवर जॉगिंग, बेंच प्रेस, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं. सूर्यनमस्कार सगळ्यात शेवटी आणले, कारण पर्वतासनात डोकं खाली जातं आणि चेहऱ्याकडे रक्त उतरल्याचं स्पष्ट कळतं. कपालभातीसुद्धा तोपर्यंत बंद होती. शीर्षासन अजून सुरू केलेलं नाही, तिथे तर सगळा भारच लावलेल्या केसांवर येतो.

कपड्यांचं कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. जिमचे अंगाला चिकटणारे टीशर्ट डोक्यातून काढताना कपाळाला आणि हेअरलाईनला घासून निघतात. मी पहिले कित्येक दिवस समोरून चेनचं जॅकेट किंवा बटणाचा शर्ट वापरला. शिवाय टाळू बधिर असते, माझी तर मधे बरेच आठवडे होती, बोट लावलं तरी दुसऱ्याच्या डोक्याला लावल्यासारखं. याचा व्यायामाशी संबंध असा की केबल मशीनच्या दांड्याला डोकं घासलं तरी लगेच कळत नाही, आणि टेकडीवर ऊन लागलं तरी भाजतंय हे कळत नाही. म्हणून रविवारचं तळजाई उजाडता उजाडता, सैल टोपी घालून, आणि सिंहगड बरेच महिने बंदच ठेवला.

आता घाम. या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं. पहिल्यांदा ट्रेडमिलवर खरा घाम आला तेव्हा टाळूवरून एक धार निघून नव्या हेअरलाईनवर येऊन थांबली आणि खाज सुटली, अशी खाज की हात आपोआप वर जातो. खाजवायचं नाही, टॉवेलने घासायचंही नाही, नुसता टेकवून टिपायचा. मी जुन्या धोतराचा मऊ तुकडा नेतो, जिमचा खरखरीत नॅपकिन डोक्याला लावत नाही. हेडबँड घालू नका, तो बरोब्बर हेअरलाईनवरच आवळतो. घाम आला म्हणून ग्राफ्ट पडत नाही हे लक्षात ठेवा, पण घाम, तेल आणि मळ डोक्यात तसाच राहिला तर पुटकुळ्यांना आमंत्रण. जिममधून आल्यावर आधी चहा, मग पेपर, मग अंघोळ हा माझा क्रम होता तो बदलला, आता घरात शिरलो की आधी डोकं. उन्हाळ्यात करायचा विचार असेल तर थांबा. एप्रिल-मे मध्ये ऑफर असतात, पाच-दहा हजार वाचतात, मी पै न् पै बघणारा माणूस आहे तरी सांगतो ती बचत सोडून द्या आणि थंडीत करा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केलं तर परत व्यायामाला लागता तेव्हा पंख्याखाली घाम आटोक्यात राहतो.

आणि हे नक्की वाचा. तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान लावलेले केस गळतात, त्याला शॉक लॉस म्हणतात, हे ठरलेलं आहे. नेमका तेव्हाच माणूस जिमला परत लागलेला असतो. उशीवर, टॉवेलवर केस दिसले की वाटतं जिममुळे गेले, आणि क्लिनिकवाले तसं वाटू देतात कारण त्यांना सोपं पडतं. केसाची काडी गळते, मूळ आतच असतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून परत यायला लागतं. ग्राफ्ट खरंच निघाला तर सहसा रक्त येतं आणि ते पहिल्या दिवसांतच होतं. माझ्या ओळखीच्या एकाने या भीतीने व्यायाम पूर्ण सोडला, शुगर वाढवून घेतली. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कागदावर दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर हे टळलं असतं.

जिमने मेंबरशिप फ्रीझ करायला आधी नकार दिला, मेडिकल सर्टिफिकेट आणा म्हणे. क्लिनिककडून सर्टिफिकेट मागितलं तर तेही दोन दिवस टोलवत राहिले. शेवटी डिस्चार्ज कार्डाची प्रत जिमच्या मॅनेजरपुढे ठेवली आणि महिना वाढवून घेतला. वार्षिक मेंबरशिप असेल तर सर्जरीच्या आधीच लेखी फ्रीझ घ्या, नंतर पैसे बुडतात.

पुटकुळ्यांचं पुढे काय झालं? क्लिनिकला पैसे दिलेच नाहीत. घराजवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून बघून सांगितलं, फॉलिक्युलायटिस म्हणजे केसांच्या मुळाशी आलेली सूज आहे, नवीन केस कातडी फोडून वर येतात तेव्हा बऱ्याच जणांना होतो, सौम्य आहे. फोडायच्या नाहीत, कोमट पाण्याचा शेक, लावायला मलम, आणि शाम्पू बदलून दिला. जिम बंद करू का विचारलं तर म्हणाल्या कशाला, फक्त घाम डोक्यात वाळू देऊ नका. आठवड्याभरात बसल्या. हे क्लिनिक फोनवरसुद्धा सांगू शकलं असतं.

क्रिएटिनबद्दल (जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पावडर) तीन जणांनी विचारलं म्हणून लिहितो. ज्या अभ्यासावरून भीती पसरली तो २००९ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण रग्बी खेळाडूंवरचा, त्यात डीएचटी (टक्कल पडण्याशी जोडलेलं हार्मोन) वाढलेलं दिसलं पण केस गळाले का हे त्यांनी मोजलंच नव्हतं. मी माझ्या डॉक्टरांना विचारून पहिले काही महिने बंद ठेवलं, आता परत घेतो, फरक दिसला नाही. स्टेरॉइडवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी ट्रान्सप्लांटवर पैसे घालायच्या आधी विचार करावा, बाकीचे मूळचे केस जातच राहतात.

पोहायला मी दोन महिने उलटल्यावरच गेलो. एक महिन्याने चालतं असं बरेच डॉक्टर म्हणतात, पण क्लोरीन आणि दुपारचं ऊन दोन्ही एकदम नको म्हणून सकाळची बॅच धरली, आणि सिलिकॉनची टाईट टोपी ओढून काढताना केस खेचले जातात म्हणून कापडी घेतली. सायकलचं हेल्मेट आतून सैल करून घेतलं आणि ते पुढून मागे ओढत घालत नाही, दोन्ही हातांनी उचलून सरळ वरून ठेवतो, काढतानाही तसंच. फुटबॉल, कबड्डी, बॉक्सिंग असलं डोक्याला लागू शकणारं काही खेळत असाल तर सर्जनकडून तारीख लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर कौन्सेलरकडून नको. बीपीची गोळी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वर लिहिलेल्या माझ्या आठवड्यांवर जाऊ नका, तुमचे आठवडे वेगळे असतील.