स्टेनलेस म्हणून सायकलचे छर्रे

एकूण ₹14,100 गेले. छर्र्यांचे ₹3,000, कुरिअरचे ₹80 आणि फेकून दिलेल्या रंगाच्या 38 बाटल्या, बाटलीला ₹290 धरून ₹11,020. आकडा आधीच सांगतो, कारण ज्याला सांगायला जावं तो "किती गेले?" एवढंच विचारतो आणि ऐकून खांदे उडवतो.

मी 1:72 ची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, विमानांची मॉडेलं रंगवतो. 17 मिलीच्या ड्रॉपर बाटलीत रंगद्रव्य तळाला बसतं आणि वर पाणचट द्रव राहतो. आत दोन जड छर्रे असले की बाटली हलवताना सगळं एकजीव होतं. रंग पाण्यातला, म्हणजे छर्रा न गंजणाराच हवा. 316 ग्रेडचं स्टेनलेस सगळ्यात निर्धास्त, त्यात गंज रोखणारा मॉलिब्डेनम धातू असतो. हे सगळं मला माहीत होतं, आणि राग त्याचाच जास्त येतो.

विक्रेता व्हॉट्सअ‍ॅपवरचा, पत्ता तुर्भे एमआयडीसीचा. आधी वीस नमुने फुकट पाठवले. ते अस्सल होते. महिनाभर पाण्यात ठेवले, डागसुद्धा नाही. मग नेहमीचंच: "दादा, 500 घेतलेत तर सहा रुपयाला लावतो, आजच्यापुरतं." मी पाच मित्रांचे मिळून मागवले. म्हणजे स्वतः फसलोच, वर पाच घरांत गंज वाटला. (नमुना तपासून उपयोग नाही. जो माल हातात येतो तो तपासा, त्यातलेच चार काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात टाका.)

पाकीट उघडलं तेव्हा बोटांना तेल लागलं. मशीनच्या तेलाचा वास. तेल लावतात ते गंजू नये म्हणून, मग स्टेनलेसला कशाला लावतील? हे कळायला इंजिनिअर लागत नाही, आणि मी तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एकवीस वर्षं खरेदी खात्यात काढली आहेत! पुढचं ऐका. पंख काढता-घालता यावेत म्हणून आणलेली निओडिमियमची चिमुकली चुंबकं टेबलावर होती. एक छर्रा घरंगळला आणि टक्कन जाऊन चिकटला. मी हसलो. मुलीला बोलावून गंमत दाखवली. ती म्हणाली, "बाबा, स्टेनलेसला चुंबक लागतं?"

तिथेच थांबायला हवं होतं. मी विक्रेत्यालाच विचारलं. तो म्हणाला, "दादा, गोळी दाबून बनवतात ना, त्याने थोडं चुंबकत्व येतं." यात तथ्य आहे, 304 या स्टेनलेसच्याच दुसऱ्या ग्रेडचं असं होतं, म्हणून तर मी गप्प बसलो. पण थोडं म्हणजे किंचित ओढ. माझा छर्रा नखाने उचकटावा लागला होता. वजनही केलं. 6 मिमीचा छर्रा 0.9 ग्रॅमच्या आसपास भरला, पण साधं बेअरिंगचं पोलाद, म्हणजे सायकलच्या छर्र्यांचं, काट्यावर तेवढंच भरतं. वजनावर विसंबू नका. आणि चुंबकाला चिकटला नाही म्हणून तो 316 च असं समजू नका, 304 ही सहसा चिकटत नाही.

छर्रे बाटल्यांत टाकले. बाराव्या दिवशी पांढऱ्या रंगाच्या बाटलीतून चहाचा रंग आला. पिवळा तर बघवेना.

ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला गेलो. त्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनत होती. बँकेत ऐकवलं, पिन तुम्हीच टाकलात. चौकीवर गेलो तर पहिला प्रश्न: "छर्रे? बंदूक आहे का, काका?" रंगासाठी म्हटल्यावर मागचे दोघे हसले. मग म्हणे, विक्रेता नवी मुंबईचा, तिकडे जा. तिकडे म्हणे, पैसे ठाण्यातून गेले, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवता येते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच ते आहे. मी तिच्या कलम 173 चा कागद छापून नेला. साहेबांनी तो उलटा धरला आणि चहा मागवला. चार खेटे, चारही वेळा अर्ज पुन्हा लिहा. एकदा तर "मूळ छर्रे हजर करा" म्हणाले. मी डबीच पुढे ठेवली, तर "हे घेऊन जा, टेबलावर गंज पडतो."

पैसे गेले की त्याच तासात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी लाजेपायी सतरा दिवस घालवले. ग्राहक आयोगात स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. तिथे अर्ज दिलाय, बिल मात्र माझ्याकडे नाही. बिल मागितल्यावर जो "दादा, विश्वास नाही का?" म्हणतो, त्याला तिथूनच रामराम करा.

आता मी काचेचे मणी वापरतो. हलके असतात, म्हणून दोनाऐवजी तीन टाकतो. मण्याचा आकार नोझलच्या भोकापेक्षा भरपूर मोठा बघा, नाहीतर तिथेच बूच होऊन बसतो.

मित्रांचे ₹2,400 परत केले. त्यांच्या रंगांचं कुणी बोललं नाही, तेच जास्त लागलं. विक्रेत्याने मला ब्लॉक केलंय, पण मुलीच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं. काल होतं: 316 चा नवा माल, पाच रुपये.