गाणाऱ्यांना शिकवायला शिकवणारा वर्ग

विशारद झालं की नागपुरात आपल्याकडे लगेच दारावर पाटी लागते, ‘गायन वर्ग’. मग मानेवाडा असो, महाल असो की त्रिमूर्तीनगर. संध्याकाळी पेटी उघडते, काळी चारला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला, सा धरला जातो आणि समोर बसलेल्या सगळ्यांनी तोच सा लावायचा. गाणं येतं म्हणजे शिकवता येणारच, असं सगळे धरून चालतात. बजाजनगरातला हा शनिवार-रविवारचा वर्ग तसं धरून चालत नाही. मी तो पूर्ण केला आणि ज्यांच्या घरी शिकवण्या चालतात त्यांनी तो करावाच, असं माझं ठाम मत झालं आहे.

वर्ग घेणाऱ्या ताई जाहिरात करत नाहीत, त्यांना नाव छापलेलंही आवडत नाही, म्हणून इथे देत नाही. त्या भागातल्या गाणाऱ्या माणसांना विचारलं तर पत्ता मिळतो. चार महिन्यांचा वर्ग, फी पंधरा हजार, दोन हप्त्यांत. एका वेळी दहाच जण. प्रवेशाच्या वेळी ताई तुमचं गाणं ऐकतात, पण थोडंच. मग एखाद्या अगदी नवख्या माणसाला समोर बसवतात आणि म्हणतात, "याला एक ओळ शिकवा." त्या दहा मिनिटांत त्यांना काय बघायचं ते बघून होतं.

वर्गाचा गाभा म्हणजे प्रत्यक्ष पाठ. दर रविवारी खरेखुरे विद्यार्थी बोलावलेले असतात. आपल्यापैकी एकाने वीस मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी वहीत टिपायचं. नियम एकच आणि फार कडक: पहिली पाच मिनिटं शिकवणाऱ्याने गाऊन दाखवायचं नाही. गाणाऱ्याला हे किती जड जातं ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. आपला हात पेटीवर, तोंडात स्वर तयार, आणि ताई म्हणतात, "थांब. आधी ऐक."

एक पाठ सविस्तर सांगते. हुडकेश्वरहून एक आठवीतला मुलगा आईबरोबर आला होता. आई काळजीत: "आधी किती छान म्हणायचा हो, आता एकदम बेसुरा झाला." मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मले समजूनच नाही राह्यलं, आवाज कुठी जाते तं." त्या दिवशी शिकवायला आमच्यातली नाट्यगीतं फार सुंदर म्हणणारी मुलगी होती. पाच मिनिटं झाल्यावर तिने काळी चारचा सा लावला. मुलाने भलतीकडेच कुठेतरी स्वर टेकवला. तिने पुन्हा लावला, जरा मोठ्याने. त्याचा आवाज फाटला, मान ताणली गेली, हनुवटी वर आली. तिसऱ्या वेळी ताईंनी भात्यावर हात ठेवला.

मग त्यांनी मुलाला विचारलं, सकाळी काय खाल्लं? "तर्री पोहे." कुठले? चणे किती होते? तो बोलत राहिला आणि ताई पेटीच्या पट्ट्या एकेक करून हलकेच दाबत राहिल्या. त्याचं बोलणं खालच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या आसपास चाललं होतं. "आता बोलतोस तिथेच ‘आ’ म्हण." स्वर लागला. स्वच्छ लागला. तिथून फक्त पंचमापर्यंत, वर नाही. त्याचे खांदे खाली आले ते आम्हां सगळ्यांना दिसलं. आई तर उठून जवळच येऊन उभी राहिली.

नंतर ताईंनी उलगडून सांगितलं. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. शिकवणारी बाई असली की ती तिच्या सप्तकात सा लावते, आणि मुलाला कळत नाही की तोच सा आपल्याला खाली घ्यायचा आहे. तो वर जायला बघतो, गळा साथ देत नाही, मधेच कुठेतरी अडकतो. अशा मुलाचं गाणं बंद करू नये आणि ताणूही नये. पाच-सहा स्वरांत, सोप्या चालींवर गाऊ द्यावं, आणि पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावी. आपल्या शहरातली किती मुलं आठवी-नववीत गाणं सोडतात हे शिकवणी घेणारा कोणीही सांगेल. त्यातल्या काहींना नुसती पट्टी बदलून दिली असती तर ती राहिली असती, असं मला मनापासून वाटतं.

आवाजाच्या शास्त्राचा भागही उत्तम आहे, कारण तो शिकवण्याला जोडलेला आहे. काळी चारच्या मध्य सा ला स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर येतात, तार सा ला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा ला, ४१५ वेळा. हा आकडा एकदा कळला की लहान मुलीला तार सा वर जोर करून पुन्हा पुन्हा ओरडायला लावताना हात थांबतो. स्ट्रॉचा व्यायामही इथेच नीट समजला: पेल्यात अर्धं पाणी, स्ट्रॉ बोटभर बुडवायची आणि फुंकत ‘ऊ’चा स्वर धरायचा. ओठांपाशी वाट अरुंद झाल्याने उलटा दाब तयार होतो आणि स्वरतंतू कमी आघातात कंप पावतात. बसलेल्या गळ्याला रियाजाआधी याचा छान उपयोग होतो. ज्येष्ठमध, खडीसाखर यांच्याबद्दलही ताई स्पष्ट बोलतात. गिळलेलं काहीच स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. घशाला बरं वाटतं तेवढंच. वाफ मात्र तिथपर्यंत पोहोचते. आपल्याकडच्या मे महिन्यात, दुपारच्या कोरड्या उन्हातून थेट शिकवणीला येणाऱ्या मुलांना आधी पाणी पाजून दहा मिनिटं बसवा, मग सा लावा, हाही त्यांचाच आग्रह.

एका शनिवारी रामदासपेठेत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेतात. तिथे दुर्बिणीतून पडद्यावर स्वरतंतू हलताना बघितले. डॉक्टर यायच्या आधी ताईंनी मॅन्युएल गार्सियाची गोष्ट सांगितली. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात स्वतःचं स्वरयंत्र गाताना पाहिलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. तो डॉक्टर नव्हता, गाणं शिकवणारा होता. डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने लिहून ठेवावी: आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर घरचे उपाय थांबवून तपासून घ्या.

गाऊन दाखवायचं नाही हा नियम आपल्या गुरुमुखी परंपरेच्या विरुद्ध आहे, असा वाद आमच्यात झाला. ताईंचं म्हणणं असं की मुद्दा ऐकवण्याला विरोध करण्याचा नाही, नक्कल न होऊ देण्याचा आहे. वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच, नागपुरात, शंकरराव सप्रेंकडे शिकले, पुढे आणखी कितीतरी गुरूंकडे गेले, आणि गायले ते स्वतःच्या गळ्याने. मला हे पटलं.

आता कमी काय पडतं ते. बाहेरच्या एका प्रशिक्षकांची ऑनलाइन व्याख्यानं अगदीच कोरडी होती. चेस्ट व्हॉइस (खालच्या स्वरांचा भरदार आवाज), हेड व्हॉइस (वरच्या स्वरांचा हलका आवाज) हे शब्द नुसते फेकले गेले. ख्यालातल्या खर्जाशी किंवा लावणीच्या खुल्या आवाजाशी ते कसे जुळतात, जुळतात का, यावर एक अक्षर नाही. टिपणंही सगळी इंग्रजीत. दुसरं म्हणजे कराओके. आज शिकवणीला येणारी बरीच मुलं ट्रॅकवर गाणारी आहेत. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि मुलं त्याच्यामागे ओढत जातात. ट्रॅकची पट्टी बदलायची कशी, माइक किती अंतरावर धरायचा, हे सांगायला एक संध्याकाळ तरी हवी होती. ताईंना हे मी लिहूनही दिलं आहे.

प्रमाणपत्र मिळतं, पण ते कुठल्या विद्यापीठाचं नाही. शाळेत संगीत शिक्षकाची नोकरी बघत असाल तर त्यासाठी हा वर्ग नाही. आणि ज्यांना स्वतःचं गाणं वाढवायचं आहे त्यांनीही येऊ नये. इथे तुम्ही कमी गाता, फार कमी.

जागा पहिल्या मजल्यावर, गाडी ठेवायला गल्लीत जेमतेम जागा. मेट्रोने एलएडी चौकाला उतरून ऑटो केला तर बरं पडतं. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल. त्याआधी फोन करून एखाद्या रविवारी मागे बसून पाठ बघता येतो, त्याचे पैसे घेत नाहीत. वही मात्र सोबत न्या. त्या दिवशी पाहुण्यांनाही टिपायला लावतात.